निकाल आधी, पुरावा नंतर: ‘टू किल अ मॉकिंगबर्ड’मधला खटला

नाशिकमध्ये भाड्यानं खोली बघायला गेलं की, मग ती पंचवटीत असो नाहीतर गंगापूर रोडला, भाडं आणि डिपॉझिटच्या आधी बऱ्याच ठिकाणी एक प्रश्न येतो: ‘आडनाव काय?’ ते ऐकून मालकाच्या चेहऱ्यावर जे उमटतं, त्यावर पुढचं सगळं अवलंबून. कधी आतून चहा येतो, कधी ‘अहो, कालच गेली की खोली’ असं उत्तर येतं. समोरचा माणूस भाडं वेळेवर देईल का, शेजाऱ्यांशी नीट राहील का, हे कोणी विचारत नाही, कारण विचारायची गरजच उरलेली नसते. निकाल लागून गेलेला असतो. पूर्वग्रह हा शब्द जड वाटतो, पण त्याचा अर्थ एवढाच: निकाल आधी, चौकशी नंतर, आणि पुष्कळदा चौकशी नाहीच.

हा उलटा क्रम प्रत्यक्षात कसा चालतो, हे हार्पर ली यांच्या ‘टू किल अ मॉकिंगबर्ड’ या कादंबरीत फार बारकाईनं दिसतं. कादंबरी 1960 साली आली, 1961 साली तिला पुलित्झर पारितोषिक मिळालं. अमेरिकेच्या दक्षिणेकडच्या अलाबामा राज्यात मेकॉम्ब नावाचं एक काल्पनिक गाव, काळ 1933 ते 1935. गोष्ट सांगते स्काउट नावाची मुलगी. सुरुवातीला ती सहाएक वर्षांची आहे. तिचा मोठा भाऊ जेम, वडील ॲटिकस फिंच हे गावातले वकील. टॉम रॉबिन्सन या काळ्या तरुणावर एका गोऱ्या मुलीवर बलात्कार केल्याचा आरोप येतो आणि त्याचं वकीलपत्र ॲटिकसकडे येतं.

पुस्तक मिटताना बरेच वाचक ‘दुष्ट लोकांनी सज्जनाला मारलं’ एवढंच घेऊन उठतात. ते चूक नाही, पण त्यात पुस्तकातलं निम्मं सुटतं. या खटल्यातला न्यायाधीश भला आहे. त्यानं मुद्दामच ॲटिकससारख्या कसलेल्या वकिलाला नेमलंय. शेरीफ, म्हणजे तिथला पोलीसप्रमुख, साक्षीत खोटं बोलत नाही. उलटतपासणी होते, आरोपीला बोलू दिलं जातं, निकाल ठरवणाऱ्या बारा नागरिकांची ज्युरी आत जाऊन काही तास चर्चा करते. कागदावर सगळं रीतसर. तरी निर्दोष माणूस दोषी ठरतो आणि पुढे मरतो. तेव्हा नेमकं कुठे काय बिघडलं, ते पुराव्यांतूनच शोधावं लागतं.

कोणता गाल, कोणता हात

खटला सतराव्या ते एकविसाव्या प्रकरणांत आहे. वाचनगटात ही पाच प्रकरणं घेणार असाल तर एक कागद घ्या आणि मधोमध रेघ मारा. डावीकडे ‘काय म्हटलं गेलं’, उजवीकडे ‘ते कोणी पाहिलं, कशावरून’. प्रत्येक साक्षीदार झाला की दोन्ही रकाने भरत जा. अर्ध्या तासात लक्षात येतं की डावा रकाना तुडुंब भरलाय आणि उजवा जवळजवळ कोरा.

बॉब यूएल शेरीफकडे धावत येतो आणि सांगतो, माझ्या मुलीवर टॉमनं अत्याचार केला. तारीख 21 नोव्हेंबर, वेळ संध्याकाळची. शेरीफ जाऊन बघतो तर मुलगी, मायेला, मारहाण झालेल्या अवस्थेत. ॲटिकस शेरीफला विचारतो, डॉक्टरला बोलावलंत का? नाही. बापाला तेच विचारतो. त्याचंही उत्तर नाही. वर तो ऐकवतो की पाच डॉलर गेले असते. म्हणजे बलात्काराच्या खटल्यात, जिथे शिक्षा मृत्यूची आहे, तिथे वैद्यकीय पुरावा मुळात गोळाच झालेला नाही. तो हरवला नाही की कोणी दाबला नाही. तो लागेल असं कोणाला वाटलंच नाही. पूर्वग्रहाची पहिली खूण ही अशी असते.

मग ॲटिकस शेरीफला विचारतो, कोणता डोळा काळानिळा होता? शेरीफ आधी डावा म्हणतो, मग थांबून विचार करतो आणि दुरुस्त करतो: तिचा उजवा. चेहऱ्यावरच्या मारहाणीच्या खुणा उजव्या बाजूला, शिवाय गळ्याभोवती सगळीकडून बोटांचे वळ.

हे वाचून भागत नाही, करून बघावं लागतं. एखाद्याला समोर उभं करा आणि तुमचा उजवा हात हळूच त्याच्या गालाकडे न्या. तो त्याच्या डाव्या गालाशी पोचतो. उजव्या गालाशी सरळ पोचायचं तर तुमचा डावा हात लागतो. ॲटिकस बॉब यूएलला कागदावर नाव लिहायला लावतो. तो डाव्या हातानं लिहितो. नंतर टॉम उभा राहतो. त्याचा डावा हात उजव्यापेक्षा बारा इंचांनी आखूड आहे. लहानपणी कापसाच्या जिनिंग मशीनमध्ये अडकून त्यातले स्नायू हाडापासून सुटले होते. मालेगाव-खानदेशाकडच्या वाचकाला हे मशीन काय करू शकतं ते सांगायला नको. शपथ घेताना बायबलवर ठेवलेला तो हात आपोआप घसरून पडतो, तो पुन्हा ठेवायला जातो, तेव्हा न्यायाधीशच ‘राहू दे’ म्हणतो. हे सगळी ज्युरी बघते.

इथे एक शंका काढता येते, आणि काढावी. उजव्या हाताची उलटी चापटसुद्धा उजव्या गालावर बसू शकते. सरकारी वकील गिल्मर याच दिशेनं जातो: एका हातानं कपाट फोडणारा माणूस एका हातानं गळाही दाबू शकेल की! पण बचावाच्या वकिलाला ‘बापानंच मारलं’ हे सिद्ध करायचं नसतं. रास्त शंका उभी करायची असते, आणि ती इथे भिंतीसारखी उभी आहे. त्यात मायेलाची साक्ष डळमळते. त्यानं तोंडावर मारलं का, यावर ती आधी म्हणते आठवत नाही, आणि लगेच म्हणते हो, मारलं. कायद्याच्या कुठल्याही हिशोबानं संशयाचा फायदा टॉमला मिळायला हवा होता.

मिळत नाही. कारण पुराव्याचं ओझं गुपचूप उलट्या खांद्यावर गेलंय. कायदा म्हणतो, आरोप करणाऱ्यानं सिद्ध करावं. बारा गोऱ्या पुरुषांच्या मनातला कायदा म्हणतो, काळ्या माणसानं आपण तसे नाही हे सिद्ध करावं. ‘केलं नाही’ हे सिद्ध करणं एक वेळ शक्य असतं. ‘मी त्या जातीचा माणूस नाही’ हे पुराव्यानं कधीच सिद्ध होत नाही.

एक वाक्य जे भोवतं

टॉमची बाजू साधी आहे. तो मायेलाच्या दारावरून रोज कामाला जायचा. पंचवीस वर्षांचा, बायको, तीन मुलं. मायेला त्याला अधूनमधून छोटी कामं सांगायची, तो करून द्यायचा, पैसे घ्यायचा नाही. तिला सात धाकटी भावंडं, आई नाही, आणि बाप मदतीचे सरकारी पैसे दारूत घालवणारा. त्या दिवशी घरात शांतता होती, कारण तिनं वर्षभर एकेक नाणं साठवून सातही पोरांना आइस्क्रीम खायला गावात पाठवलं होतं. तिनं टॉमला आत बोलावलं, जवळ ओढलं, तेवढ्यात खिडकीत बाप दिसला. टॉम पळाला.

का पळाला, हा प्रश्न गिल्मर टोचून टोचून विचारतो. इथला अडकित्ता नीट बघा. तिला ढकललं असतं तर गोऱ्या बाईवर हात टाकला म्हणून मेला असता. थांबून समजावलं असतं तर समजावून घेणारं कोणी नव्हतं. पळाला, तर पळाला म्हणजे गुन्हेगार. ज्याच्याविषयी निकाल आधीच लागलेला असतो, त्याची कुठलीही हालचाल पुराव्यात जमा होते.

तशीच त्याची जुनी शिक्षा. एकदा मारामारीत त्याला तीस दिवस तुरुंगात जावं लागलं होतं. ॲटिकस हे स्वतःहून सांगतो, लपवत नाही. दुसऱ्या माणसालाही शिक्षा झाली होती, पण त्याच्याकडे दंडाचे पैसे होते, टॉमकडे नव्हते. म्हणजे त्याच्या नावावरचा ‘गुन्हेगार’ हा शिक्का काही अंशी गरिबीचाच.

मग गिल्मर विचारतो, फुकट का राबत होतास? आणि टॉमच्या तोंडून खरं उत्तर निघतं: तिची कीव यायची, घरातलं कोणी तिला हातभार लावत नव्हतं. कोर्टात एकदम बदल होतो. स्काउटला लहान असूनही कळतं की काहीतरी चुकलं, टॉमलाही बोलल्यावर कळतं.

ही चूक मराठी वाचकाला समजायला वेळ लागू नये. कीव कोणी कोणाची करायची, यालाही पायऱ्या असतात. आपल्याकडे पाणवठ्यावर उंच उभं राहून ओंजळीत वरून पाणी ओतलं जायचं. ओतणारा दयाळू ठरायचा आणि घेणारा कायम खाली. दया वरून खाली वाहिली तर ते पुण्य. खालच्यानं वरच्याची कीव केली की शिडीच उलटते. टॉमनं चोरी कबूल केली असती तरी ज्युरी एवढी दुखावली नसती.

मायेलाही शिडीवरच आहे, हे विसरू नये. यूएल कुटुंब गावाच्या कचराडेपोमागे राहतं. त्यांना गोऱ्यांत कोणी जवळ करत नाही, काळ्यांत ते स्वतः मिसळत नाहीत. त्या उकिरड्यात एका कोपऱ्यात फुटक्या भांड्यांत लाल जिरेनियमची सहा रोपं नीट जोपासलेली आहेत. गाव म्हणतं, ती मायेलाची. ॲटिकस तिला ‘मॅडम’ म्हणून आदरानं प्रश्न विचारतो, तर तिला वाटतं हा आपली टिंगल करतोय, कारण तिच्याशी आजवर कोणी तसं बोललेलंच नाही. तिच्याकडे जगात एकच श्रीमंती आहे: गोरं असणं. ती टिकवायची तर टॉम जायला हवा. ॲटिकस शेवटच्या भाषणात साधारण हेच म्हणतो: तिनं समाजाचा नियम मोडला, आणि त्याचा जिवंत पुरावा तिला नजरेआड करायचा आहे. तिची दया येऊनही तिचा खोटेपणा न झाकणं, हे लेखिकेला छान जमलंय.

ज्युरीत कोण होतं

ज्युरी म्हणजे बारा सामान्य नागरिक, दोषी की निर्दोष ते ठरवणारे. आपल्याकडेही ही पद्धत होती; 1973 च्या फौजदारी प्रक्रिया संहितेत ती उरली नाही. मेकॉम्बच्या ज्युरीत काळा माणूस नाही, बाई नाही. बायकांना अलाबामात ज्युरीवर घ्यायला 1966 साल उजाडलं. गावातले शिकले-सवरलेले, धंदेवाले गोरे कारणं सांगून ज्युरीतून सुटका करून घेतात, कारण रोज ज्या गिऱ्हाइकाचं तोंड बघायचं त्याच्याविरुद्ध मत कोण देणार? म्हणजे न्यायाचा सगळ्यात महत्त्वाचा भाग ‘मला कशाला भानगड’ म्हणणाऱ्यांनी आधीच रिकामा केलेला असतो. काळे प्रेक्षक आहेत, पण वरच्या सज्जात, वेगळे बसवलेले. स्काउट आणि जेम तिथेच बसून खटला बघतात.

ही कल्पनेची भरारी नव्हती. अलाबामातच 1931 साली स्कॉट्सबरो प्रकरण घडलं. आगगाडीतल्या दोन गोऱ्या तरुणींनी नऊ काळ्या मुलांवर बलात्काराचा आरोप केला आणि काही आठवड्यांतच त्यांतल्या आठ जणांना मृत्युदंड सुनावला गेला. पुढे त्या दोघींपैकी एकीनं आरोप मागे घेतला. 1935 साली अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयानं याच प्रकरणात काळ्यांना ज्युरीतून पद्धतशीर वगळणं घटनाबाह्य ठरवलं.

आता तारखा शेजारी ठेवून बघा. कादंबरीचा काळ 1933 ते 1935. नाशिकमध्ये काळाराम मंदिराचा सत्याग्रह 2 मार्च 1930 रोजी सुरू झाला. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांचं नेतृत्व, दादासाहेब गायकवाडांची संघटना, दरवाजांसमोर बसलेले सत्याग्रही आणि बंद दरवाजे. वर्षानुवर्षं लढा चालला, दार उघडलं नाही. 13 ऑक्टोबर 1935 रोजी आपल्याच जिल्ह्यात, येवल्यात, बाबासाहेबांनी हिंदू म्हणून मरणार नाही ही घोषणा केली. कादंबरीच्या शेवटी स्काउट आणि जेमवर होणारा हल्लाही त्याच वर्षीच्या ऑक्टोबरअखेरीस घडतो. वंश आणि जात एकच आहेत असं म्हणायचं नाही. दोन्हींचे इतिहास वेगळे. पण पंचवटीत त्या दारासमोर उभं राहिलं की मेकॉम्बचं कोर्ट फार लांबचं वाटत नाही. तिथेही मुद्दा तोच होता: माणसानं काय केलं याची चौकशीच नाही, जन्मावर निकाल.

सभ्य माणसांचा पूर्वग्रह कादंबरीत दोन ठिकाणी झटक्यात पकडलाय. शिक्षिका मिस गेट्स वर्गात हिटलरनं ज्यूंवर चालवलेल्या छळाबद्दल कळवळून बोलतात. त्याच बाई खटल्यानंतर कोर्टाच्या पायऱ्यांवर काळ्यांना धडा शिकवायलाच हवा होता असं म्हणतात. आणि चर्चच्या बायका दूरच्या आफ्रिकी जमातीसाठी डोळे पुसतात, पण घरची मोलकरीण खटल्यानंतर तोंड पाडून काम करते, याचा त्यांना राग.

शेजारचं बंद घर

पुस्तकात दुसरीही एक व्यक्ती आधीच दोषी ठरलेली आहे: बू रॅडली. तरुणपणी वात्रट पोरांच्या टोळक्यात सापडला. बाकीची पोरं सुधारगृहात गेली आणि चांगलं शिकून बाहेर पडली; बूच्या बापानं ‘मी बघतो त्याच्याकडे’ म्हणून त्याला घरी आणलं आणि तो घरातच बंद झाला. मग गावानं रिकामी जागा भरली. तो साडेसहा फूट उंच आहे, कच्च्या खारी आणि मांजरं खातो, रात्री खिडक्यांतून डोकावतो. पाहिलं कोणी? कोणीच नाही. प्रत्येकाला कोणीतरी सांगितलंय, आणि बऱ्याच धाग्यांचं टोक शेजारच्या मिस स्टेफनी क्रॉफर्डच्या ओट्यावर जाऊन पोचतं.

खरा बू झाडाच्या ढोलीत मुलांसाठी वस्तू ठेवतो: च्युइंग गम, जुनी नाणी, साबणाच्या कोरीव बाहुल्या, बंद पडलेलं खिशातलं घड्याळ. जेमची फाटलेली पॅण्ट वेड्यावाकड्या टाक्यांनी शिवून कुंपणावर ठेवतो. त्याचा भाऊ नेथन ढोली सिमेंटनं बुजवतो. मुलं आणि त्याच्यामधला एकमेव निरोप बंद होतो, आणि जेम त्या संध्याकाळी गुपचूप रडलेला असतो.

बू आणि टॉमला एकाच माळेत ओवायची सवय शाळेच्या उत्तरपत्रिकांत फार असते: ‘दोघेही निष्पाप पक्षी’, शीर्षकातल्या निरुपद्रवी, गाणाऱ्या मॉकिंगबर्डसारखे. मला ही माळ अर्धवट वाटते. बूबद्दलचा समज अज्ञानातून आलाय. माहिती मिळाली की तो विरतो. टॉमच्या बाबतीत माहिती भर कोर्टात, आखूड हातासकट, ज्युरीच्या डोळ्यांसमोर आली होती. तरी काही फरक पडला नाही. तेव्हा ‘लोकांना माहिती द्या, पूर्वग्रह जाईल’ हा उपाय बूपुरता चालतो, टॉमपुरता चालत नाही. तिथे माहिती कमी पडली नव्हती. ती मान्य केल्यानं बाराजणांचं काहीतरी जाणार होतं.

निकालानंतर अपील होणार असतं, पण टॉमला दुसऱ्यांच्या दयेवरच्या संधींचा कंटाळा आलेला असतो. तो तुरुंगाच्या कुंपणावर चढायला जातो. त्याच्या शरीरात सतरा गोळ्या सापडतात. दोन्ही हात धड असते तर निसटला असता, असं पहारेकरी म्हणतात. ज्या हातानं त्याला वाचवायचं तोच शेवटी कमी पडतो. पुढे त्याची बायको हेलन कामावर जाताना यूएलच्या भीतीनं जवळपास मैलभर लांबच्या रस्त्यानं चालते. अन्यायाचं मोजमाप करायचं तर हा रोजचा जादा मैलही हिशोबात धरावा लागतो.

या पुस्तकात उणिवाही आहेत. सगळं गोऱ्या मुलीच्या डोळ्यांतून दिसतं, म्हणून टॉमचं घर, त्याचं हसणं, त्याचा राग आपल्याला जवळपास दिसत नाही. तो सोसण्यापुरता समोर येतो. स्वयंपाकघर सांभाळणारी कॅल्पर्निया दोन प्रकारची भाषा बोलते, एक फिंचांच्या घरी आणि एक आपल्या चर्चमध्ये, पण तिच्या मनात काय चाललंय ते फारसं कळत नाही. ॲटिकसचा पुतळा करणाऱ्या वाचकांनी याकडे जरा बघावं.

आणि शेवट. बॉब यूएल अंधारात मुलांवर हल्ला करतो, बू त्यांना वाचवतो, यूएलच्या बरगडीत स्वयंपाकघरातला सुरा. ॲटिकसला वाटतं जेमनं मारलं, चौकशी व्हावी. शेरीफ टेट ठाम: यूएल आपल्याच सुरीवर पडला. टेटच्या हातात एक बटणाचा चाकूही आहे, तो कुठून आला याचं तो जरा घाईचं उत्तर देतो, एका दारुड्याकडून काढून घेतला म्हणून. बूला गर्दीसमोर ओढायचं नाही, एवढ्यासाठी हे सगळं. बहुतेक वाचकांना इथे बरं वाटतं, मलाही वाटतं. पण तो रेघ मारलेला कागद अजून जवळ असेल तर हे प्रकरणही त्यात भरून बघा. डाव्या रकान्यात शेरीफचा निकाल लिहून होतो. उजव्या रकान्यात, ‘कोणी पाहिलं, कशावरून’ याखाली, पुन्हा काहीच येत नाही.